साक्षीत घातलेली गाडी

"कुणाला साक्ष द्यायची आहे का?" हे पाळकांचं वाक्य पुरतं संपायच्या आत दुसऱ्या रांगेतला हात वर गेला, आणि फ्रेमवालीने डोळे मिटून घेतले. दर वेळी घेते. साक्ष म्हणजे काय, तर देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्या मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. आपल्यासाठी! पण तिचा मोठा दीर कधीच स्वतःबद्दल सांगायचा नाही. तो सांगायचा तिच्या नवऱ्याबद्दल. स्वतःच्या सख्ख्या धाकट्या भावाबद्दल, आणि तो भाऊ तिथेच दोन रांगा मागे मान खाली घालून बसलेला असताना.

"मी कोण? मी कुणीच नाही," दिराने सुरुवात केली. आवाज असा की माईकची गरजच नाही, तरी माईक हातात. चर्चमधली पोरं त्याला मागून भोंगा म्हणतात आणि त्यांचे आईबाप त्यांना गप्प करताना स्वतः हसतात. "मी धूळ आहे. पण ह्या धुळीला देवाने वापरलं. माझा भाऊ, बंधू-भगिनींनो, माझा भाऊ दारूत बुडालेला होता. मी त्याला हाताला धरून वर काढलं. मी नाही, मी नाही! देवाने. माझ्या हाताने."

फ्रेमवालीने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला.

ही साक्ष तिने इतक्या वेळा ऐकली होती की तिला त्या साक्षीचं वय माहीत होतं. लहान असताना ती साक्ष एवढीशी होती. पहिल्यांदा दीर म्हणाला होता, "भाऊ कधीमधी घ्यायचा." लोकांनी माना हलवल्या. पुढच्या वेळी भाऊ रोज घ्यायला लागला. मग तो गटारात पडायला लागला. मग गटारात कुत्रं आलं, त्याचं तोंड चाटायला. बिचाऱ्या नवऱ्याने दारू कधीच सोडून दिली होती, पण साक्षीत तो वर्षानुवर्षं जास्तच पीत चालला होता!

आणि त्या रविवारी भोंग्याने नवीनच काढलं.

"बाटली गाडीच्या सीटखाली असायची!" तो ओरडला. "एका हातात स्टिअरिंग, एका हातात बाटली! रस्त्यावर लहान लहान लेकरं, आणि हा गाडी चालवतोय! एकाही लेकराला ओरखडा आला नाही, का? कारण घरी मी गुडघ्यांवर होतो!"

समोरच्या बाईने डोळ्यांना रुमाल लावला. फ्रेमवालीने नवऱ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो मागे बघत होता, शेवटच्या रांगेकडे. तिथे एक नवीन जोडपं बसलं होतं, मध्ये त्यांचा छोटा मुलगा. आणि तो मुलगा तिच्या नवऱ्याला, आपल्या शाळेच्या व्हॅनच्या ड्रायव्हरला, हात करत होता, आनंदाने, कारण तो रोज त्याच्याच व्हॅनमधून शाळेत जायचा.

त्याच्या आईने त्याचा हात धरून खाली घेतला.

आता खरं काय ते सांगायला हवं. तो प्यायचा. ह्यात काही लपवायचं नाही, तो प्यायचा आणि वाईट प्यायचा. पण तेव्हा तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचा आणि त्याला सायकलशिवाय काही चालवता यायचं नाही. स्टिअरिंग कशाला म्हणतात ते त्याला दारू सुटल्यावर कळलं, आणि सुटली ती काही कुणी हाताला धरून सोडवली नाही. बायकोचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, फोटोंना आणि चित्रांना फ्रेम बसवायचं दुकान. तिथे मागच्या बाजूला, काचेच्या उभ्या तावांच्या शेजारी तो अंगावर गोधडी घेऊन थरथरत बसायचा. ती त्याला काहीतरी काम द्यायची, पुठ्ठ्याला बारीक खिळे मार म्हणायची. खिळा एकीकडे, हातोडी दुसरीकडे. किती काचा फुटल्या! ती काही बोलायची नाही. म्हणजे ती बोलायची, ती गप्प बसणारी बाईच नव्हे, तिच्या जिभेला गल्ली घाबरायची, पण फुटलेल्या काचेबद्दल नाही बोलायची. फक्त झाडू आणायची.

आणि दादा, म्हणजे हाच भोंगा, तेव्हा कुठे होता? तो एकदा थरथरत दादाच्या दारात गेला होता. दादाने आतून साखळी न काढता सांगितलं, "आधी सुधार, मग ये." आणि दार लावलं. हे तिला माहीत होतं कारण ती जिन्यात उभी होती.

तोच दादा नंतर कमिटीवर आला आणि तिच्याच दुकानात चर्चसाठी एक फ्रेम करायला टाकून गेला. मध्ये नम्रतेबद्दलचं वचन, खाली भेट देणाऱ्याचं नाव. नावाची अक्षरं वचनापेक्षा मोठी! "भावजी, हे उलटं झालंय," ती म्हणाली होती. "लांबून वाचता आलं पाहिजे ना," तो म्हणाला. तिने सोनेरी पट्टी लावून दिली आणि नंतर घरात आठवडाभर त्याच्यावर जोक केले. तेव्हा हसू यायचं. आता नाही.

सोमवारी व्हॅन पहिल्या कोपऱ्यावर उभी राहिली तर तिथे कुणीच नाही. दुसऱ्या कोपऱ्यावर एक आजोबा नातवाचा हात धरून उभे. "आजपासून आम्हीच सोडणार," एवढं म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले. दुपारपर्यंत शाळेच्या मोठ्या बाईंनी ड्रायव्हरला केबिनमध्ये बोलावलं. फ्रेमवालीही गेली. तिला बोलावलं नव्हतं, पण ती गेली.

"मला तुम्ही आवडता," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण पालक म्हणतात, तुमच्या सख्ख्या भावानेच देवासमोर सांगितलं. मी काय उत्तर देऊ?"

"बाई, मी प्यायचो. सोडली त्याला जमाना झाला. पिऊन गाडी कधी चालवली नाही. तेव्हा यायचीच नाही मला."

"मी विश्वास ठेवते हो. त्यांनी ठेवला पाहिजे ना! ज्याने सांगितलं त्यालाच त्याच जागी सांगू दे की हे खरं नाही. तोवर चावी इथे ठेवा."

त्याने चावी टेबलावर ठेवली. आवाज न करता. बाहेर आल्यावर तो रिकाम्या व्हॅनच्या काचा पुसायला लागला, आणि ते बघून फ्रेमवालीच्या डोक्यात जे काही पेटलं ते सरळ तिला घेऊन दिराच्या गाद्यांच्या दुकानात गेलं.

दीर गल्ल्यावर. जाऊ मागे गादीला टाके घालत बसलेली, मोठी सुई, जाड दोरा. जाऊ कमी बोलायची. नवरा एवढं बोलत असल्यावर तिच्या वाट्याला उरणार काय?

"भावजी, व्हॅन गेली. खूश?"

"कसली व्हॅन?"

"ज्या व्हॅनच्या सीटखाली तुम्ही बाटली ठेवलीत ती."

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हात जोडून छताकडे बघितलं. "परीक्षा आहे. सैतानाला साक्ष सहन होत नाही."

"सैतानाला मध्ये घेऊ नका, तो बिचारा रविवारी चर्चमध्ये नव्हता. ह्यांना तेव्हा गाडी येत होती का, सांगा ना."

"अगं, साक्षीचा भाव बघायचा असतो..."

"येत होती का?"

"मी देवाच्या गौरवासाठी बोललो!"

"देवाच्या गौरवाला खोटं कशाला लागतं? तो काय तुमच्याकडे उधार मागायला आला होता?"

"आवाज खाली," दीर म्हणाला, कारण गिऱ्हाईक डोकावत होतं. मग हळू आवाजात, आणि ह्या वेळी खरंच घाबरून, तो म्हणाला, "मी हे मागे घेतलं तर बाकीच्याचं काय? लोक म्हणतील, हाही खोटा, तेही खोटं. माझ्या शब्दाला मंडळीत मान आहे. मी तो असा टाकून देऊ?"

"मग मी उभी राहते रविवारी. दार कुणी लावलं होतं ते मी सांगते. साखळीसकट."

दिराचं तोंड उघडंच राहिलं. मागून जाऊ म्हणाली, "बास कर गं. घरातलं घरात ठेव."

एवढंच. वाईट काही नव्हतं त्यात. पण फ्रेमवाली तेव्हा थांबायच्या पलीकडे गेली होती. ती वळली आणि म्हणाली, "घरातलं घरात? तुम्हाला तुमचं पोर नाही ना ताई, म्हणून तुम्ही दोघं माझ्या नवऱ्याची दारू कडेवर घेऊन गावभर मिरवता!"

सुई गादीत अर्धी राहिली. जावेने ती बाहेरही ओढली नाही आणि आतही ढकलली नाही.

फ्रेमवाली तरातरा घरी आली. वाटेत तिला एकदम छान वाटत होतं, हे मान्यच करायला हवं. कित्येक वर्षांचं साठलेलं एका दमात बाहेर! घरी आल्या आल्या तिने नवऱ्याला सगळं साभिनय सांगितलं. भावजी असे म्हणाले, मी अशी म्हणाले, मग त्यांचं तोंड असं झालं, मग मी ताईंकडे वळले आणि...

"हे तू वहिनीला बोललीस?" ड्रायव्हरने विचारलं.

"मग! एका वाक्यात गप्प केलं."

तो माणूस कधी आवाज चढवायचा नाही, आत्ताही चढवला नाही. "तू आणि दादा सारखेच," तो म्हणाला. "दोघंही माझ्या अंगावर उभे राहून बोलता. तो मला पाडून उंच होतो, तू माझ्यासाठी भांडून उंच होतेस. मी खालीच."

"अहो, मी तुमच्यासाठी..."

"तुला व्हॅन परत हवीय, की दादाला पडलेलं बघायचंय? एक सांग."

तिला दोन्ही हवं होतं. आणि सगळ्यात लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी की दुसरं जास्त हवं होतं. हे तिच्या लक्षात आलं आणि तिला नवऱ्याचाच राग आला. ती आत गेली, काच टेबलावर घेतली, कापायला लागली आणि वाकडी कापली.

त्या आठवड्यात तिने प्रार्थना केली ती भांडल्यासारखीच. देवा, तू बघतोयस ना? मग त्याला त्या माईकवरच ठसका का लागत नाही? आणि एवढं म्हणून झाल्यावर प्रत्येक वेळी तिला ती अर्धी राहिलेली सुई दिसायची. तिला ती दिसायला नको होती.

शनिवारी ती दिराच्या घरी गेली. दीर बाहेर होता. जावेने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

"ताई, मी त्या दिवशी बोलले ते..."

"माफी मागायला आलीस, की ह्यांना समजवा म्हणायला?"

खोटं बोलता आलं असतं. "दोन्ही," फ्रेमवाली म्हणाली.

"मग माफी आज नको," जाऊ म्हणाली. "ती वेगळी घेऊन ये. आणि ह्यांना मी काय समजावणार? माझं ऐकणारे असते तर तुमच्यावर ही वेळ आली असती का?" आणि दार लावलं. साखळी न लावता, पण लावलं.

रविवारी पाळकांनी जिभेवर प्रवचन केलं. त्यांच्या कानावर सगळं आलेलं होतं, कुणाच्या नव्हतं आलं! "स्वतःबद्दल बोलताना कमी बोला," ते म्हणाले, "आणि दुसऱ्याबद्दल बोलताना त्याहून कमी. तुम्ही देवाची स्तुती करताय, की त्याच्या पाठीवर बसून स्वतःची वरात काढताय, ते त्याला कळतं." काय मस्त बोलले! आणि लोक काय करत होते? प्रत्येक जण शेजारच्याला कोपर मारत होता, बघ, तुझ्यासाठीच आहे. भोंगा सगळ्यात जोरात "आमेन" म्हणत होता.

शेवटच्या रांगेत ते जोडपं होतं.

साक्षीची वेळ झाली. दिराने हात वर केला, पण ह्या वेळी खांद्यापर्यंतच. उठला, माईक घेतला.

"बंधू-भगिनींनो, मी आज मोडलेल्या मनाने उभा आहे," तो म्हणाला. फ्रेमवाली पुढे सरकून बसली. "देवाने ह्या आठवड्यात मला नम्र केलं. किती नम्र केलं, मी सांगू शकत नाही! नम्र होणं सगळ्यांना जमत नाही. मोठमोठ्या लोकांना जमत नाही. पण मी देवाला म्हणालो, देवा, मला हवं तितकं खाली आण, मी तयार आहे. अशी प्रार्थना करायला धाडस लागतं..."

अरे, हा माणूस! माफीच्या पायऱ्या करून परत वरच चढायला लागला! तो बोलत राहिला, बोलत राहिला, गाडीचं नाव नाही, भावाचं नाव नाही. मागे त्या आईने पर्स खांद्याला लावली आणि मुलाला उठवलं. ती चालली होती. ती बाहेर गेली असती की संपलं.

फ्रेमवाली उभी राहिली.

कुणी मध्येच उभं राहत नाही तिथे. सगळ्या माना वळल्या. तिच्या तोंडात सगळं तयार होतं, जिना, साखळी, "आधी सुधार, मग ये", शब्दन् शब्द, आणि सांगितलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं, भोंगा परत कधी उठला नसता. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने तिला थांबवलं नाही. तो नुसता वाट बघत होता, परत एकदा आपल्या अंगावर कुणीतरी चढायची.

"भावजी," ती म्हणाली, "तेव्हा ह्यांना गाडी चालवता येत होती का? हो की नाही, एवढंच सांगा."

माईकमधून दिराचा श्वास ऐकू येत होता. त्याने पाळकांकडे बघितलं, पाळकांनी जमिनीकडे बघितलं. त्याने बायकोकडे बघितलं. जावेने नजर हटवली नाही.

"नाही," तो म्हणाला.

"मोठ्याने," मागून कुणीतरी म्हणालं. भोंग्याला मोठ्याने बोल म्हणायची वेळ त्या चर्चमध्ये पहिल्यांदा आली असेल.

"नाही. येत नव्हती. तो बर्फाच्या कारखान्यात होता. गाडी मी घातली."

"का घातलीत?" पाळकांनी विचारलं. हळू, पण विचारलं.

दीर माईककडे बघत राहिला, जणू तोच उत्तर देईल. "नुसतं दारू सोडली म्हटलं की लोक मान हलवतात," तो म्हणाला. "गाडी आणि लेकरं म्हटलं की रडतात."

मग त्याने माईक जागेवर ठेवायचा प्रयत्न केला, तो नीट बसेना. कुणीच मदतीला गेलं नाही. फ्रेमवालीला वाटलं होतं हे बघताना मजा येईल. अजिबात आली नाही, आणि त्याचाही तिला राग आला. साखळीची गोष्ट तिच्या दाताखालीच राहिली. ती खाली बसली.

चर्च सुटल्यावर दीर भावाशी एक शब्द न बोलता निघून गेला. माफी? कसली माफी! त्याच्या मते त्याचाच अपमान झाला होता, आणि त्याने पुढे बरेच महिने दोघांकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच दुपारी फ्रेमवाली परत जावेच्या दारात गेली. ह्या वेळी व्हॅनचं काम नव्हतं, कुठलंच काम नव्हतं.

"ताई, मी वाईट बोलले. तुम्ही माझं काही वाईट केलं नव्हतं."

"हं. नव्हतं केलं," जाऊ म्हणाली. तिच्या डोळ्यात पाणी वगैरे काही आलं नाही. "ऐकलं मी. जा आता, हे झोपलेत."

फ्रेमवाली जिना उतरली. उतरताना तिच्या मनात लगेच आलं, मी तरी मागितली, भोंग्याने नाही! आणि तिने स्वतःच्याच कपाळावर थाप मारली.

सोमवारी मोठ्या बाईंनी चावी परत दिली. सगळी पोरं आली नाहीत. त्या आजोबांनी नातवाला पाठवलंच नाही, ते चर्चला येतच नव्हते, त्यांच्यापर्यंत फक्त पहिली गोष्ट पोचली होती, दुसरी नाही. त्यांच्या दारात जाऊन सांगू का, म्हणून फ्रेमवालीने विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, "नको. अजून एक साक्ष नको."

शेवटच्या रांगेतली आई मात्र मुलाला घेऊन आली. कोपरा फ्रेमच्या दुकानासमोरच होता. फ्रेमवाली दारात कपडा घेऊन काच पुसत होती आणि तिला सगळं दिसत होतं. त्या बाईने मुलाला आत बसवलं, त्याची बॅग नीट केली, मग काही कारण नसताना ड्रायव्हरच्या खिडकीपाशी आली आणि आत वाकली. "आज गरम होतंय नाही?" ती म्हणाली. नाक पुढे.

वास घेत होती! भरसकाळी, पोरांच्या समोर, त्याच्या तोंडाचा वास!

फ्रेमवालीचा हात काचेवर थांबला. बाई, तुम्ही कोण लागून गेलात, तुमच्या सगळ्या खानदानात मिळून ह्या माणसाएवढी... सगळं वाक्य तयार, धार लावलेलं. एक पाऊल पुढे पडलं सुद्धा.

ड्रायव्हरने त्या बाईकडे बघितलं. त्याला कळलं होतं. त्याने मान थोडी तिच्याकडे वळवली आणि तोंड उघडून श्वास सोडला, सावकाश, सगळा, म्हणजे तिला नीट घेता यावा.

बाई लाल झाली. "या मग," असं काहीतरी पुटपुटून मागे झाली.

"काय हो हे!" फ्रेमवाली खिडकीपाशी धावली. "तुम्ही असं कसं..."

"तिचं पोर आहे," तो म्हणाला. "उद्या परत बघेल. बघू दे."

त्याने गाडी सुरू केली. मागून तो छोटा मुलगा काचेला नाक लावून फ्रेमवालीला हात करत होता. ती बाई अजून कोपऱ्यावर उभी होती, दोघींच्या मध्ये एक रस्ता. फ्रेमवालीने तोंड उघडलं, मिटलं, आणि आत जाऊन काचच पुसायला घेतली, इतकी जोरात की कपडा चरचर वाजत होता.